मुंबईतील मराठी ख्रिस्ती ग्रंथ आणि घरातील वाचक

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई बेटावर मराठी बोलणाऱ्यांची वस्ती दाट होती, परंतु त्यांच्या घरांत छापील मराठी पुस्तक जवळजवळ नव्हते. ज्या घरांत ग्रंथ होता तिथे तो हाताने लिहिलेल्या, सुट्या पानांच्या आणि दोन फळ्यांमध्ये बांधून ठेवलेल्या पोथीच्या रूपात होता. ती पोथी पुराणिकाने किंवा घरातील एखाद्या जाणत्या पुरुषाने वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी, अशी वाचनाची रीत होती. बायका आणि मुले या रीतीत श्रोते होते, वाचक नव्हते. पुढच्या शंभर वर्षांत ही स्थिती बदलली आणि त्या बदलामागे शासकीय शाळा, वृत्तपत्रे, सुधारकांच्या सभा अशी अनेक कारणे होती. त्यांतील एका कारणाची नोंद मराठी वाङ्मयेतिहासात होत असली तरी ती बहुधा धर्मांतराच्या प्रकरणात केली जाते आणि तिथेच थांबते. हे कारण म्हणजे मुंबईत तयार झालेला मराठी ख्रिस्ती ग्रंथ. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता. मात्र तो साधण्यासाठी त्याला आधी खिळे पाडणारे कारागीर, पुस्तके घरोघर पोहोचवणारी माणसे आणि ती घरात उघडून वाचणारे कुटुंब घडवावे लागले. ही घडण त्या हेतूपेक्षा पुष्कळ दूर पोहोचली, आणि मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात या ग्रंथांचे खरे मोल तिच्यामुळेच ठरते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ मुंबईत झाला नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोमंतकात रायतूर येथे छापले गेले. त्याची भाषा मराठी असली तरी छपाई रोमन लिपीत होती. त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे काम हाती घेतले. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण आणि मत्तयकृत शुभवर्तमान, १८१० मध्ये मोडी खिळ्यांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये नवा करार बाहेर पडला. शुभवर्तमान म्हणजे येशूचे चरित्र आणि उपदेश सांगणारा ग्रंथ. असे चार ग्रंथ आणि त्यांच्यापुढील प्रेषितांची कृत्ये व पत्रे मिळून नवा करार होतो, तर यहुदी परंपरेतून आलेल्या त्याच्या पूर्वीच्या ग्रंथसमूहाला जुना करार म्हणतात. गोमंतकातील प्रयत्न लिपीमुळे आणि श्रीरामपूरचा प्रयत्न अंतरामुळे मुंबईच्या वाचकापासून दूरच राहिला. ज्या लोकांसाठी पुस्तक छापायचे त्यांच्यात बसून, त्यांची बोली कानांवर पडत असताना ते तयार करण्याचे काम अद्याप व्हायचे होते.

हे काम अमेरिकन मराठी मिशनने केले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे या मिशनचे पहिले मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात राहण्याची त्यांना परवानगी नव्हती आणि त्यांना परत धाडण्याचे हुकूम सुटले होते. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कंपनीच्या सनदेत बदल करून मिशनऱ्यांना प्रवेशाची वाट मोकळी केली आणि त्यांचे बस्तान बसले. १८१६ मध्ये होरेशिओ बार्डवेल हा मुद्रणाची माहिती असलेला मिशनरी येऊन मिळाला, कलकत्त्याहून छापयंत्र आणि देवनागरी खिळे आणवले गेले आणि १० मार्च १८१७ रोजी शास्त्रवचनांच्या एका आठ पानी पुस्तिकेच्या १,५०० प्रती छापून पूर्ण झाल्या. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान निघाले आणि नव्या कराराचे भाग क्रमाक्रमाने छापत १८२६ मध्ये तो संपूर्ण सिद्ध झाला. या नऊ वर्षांत बार्डवेल प्रकृतीमुळे परतला, मिशनचाच सॅम्युएल न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने वारला आणि भाषांतराचा मुख्य भार वाहिलेला हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना त्याच रोगाने गेला. जुन्या करारासह संपूर्ण बायबल मराठीत यायला १८४७ साल उजाडले. एका पुस्तकासाठी लागलेल्या या तीस वर्षांत मुंबईत मराठी मुद्रणाची शाळाच उभी राहिली.

त्या शाळेत शिकायचे काय होते, हे खिळ्यांची पेटी पाहिली की कळते. इंग्रजी मजकुरासाठी छोटी-मोठी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे मिळून थोडक्या खिळ्यांत भागते. देवनागरीत मात्र प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार लागतात. उकार अक्षराच्या पायाशी, मात्रा डोक्यावर आणि पहिली वेलांटी उच्चारात नंतर येत असूनही अक्षराच्या आधी बसते. 'ख्रिस्ती' एवढा एक शब्द जुळवायचा तर जुळाऱ्याला, म्हणजे खिळे ओळीत लावणाऱ्या कारागिराला, आधी वेलांटी उचलावी लागते, मग पायाशी रकार जोडलेला ख, नंतर अर्धा स आणि शेवटी दुसऱ्या वेलांटीचा त. प्रत्येक जोडणीचा स्वतंत्र खिळा पाडला तर पेटीत शेकडो घरे करावी लागतात; अक्षर, त्यावरच्या खुणा आणि त्याखालच्या खुणा वेगळ्या पाडून थरांनी जुळवल्या तर खिळ्यांची संख्या घटते, पण ओळ सरळ ठेवण्याचे कौशल्य दुप्पट लागते. थरांची ही दुसरी पद्धत मुंबईत रूढ झाली आणि तिच्या घडणीत मिशनच्या छापखान्यात लहानपणापासून वाढलेल्या थॉमस ग्रॅहम या कारागिराचा मोठा वाटा होता. त्याने पाडलेल्या घाटदार खिळ्यांमुळे मराठी छपाईला आधीच्या ओबडधोबड अक्षरांतून सुटका मिळाली.

ही विद्या मिशनच्या आवारात राहिली नाही. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात गणपत कृष्णाजी या भंडारी गृहस्थाची हकीकत दिली आहे. अमेरिकन मिशनची छापील पुस्तके पाहून आपल्या धर्माची पुस्तकेही अशीच छापावीत असे त्याच्या मनाने घेतले. त्याने स्वतः यंत्र तयार केले, शिळाछापासाठी, म्हणजे दगडावर मजकूर उतरवून छापण्यासाठी, योग्य असे दगड शोधले, शाई बनवून पाहिली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून काढले. छापील कागदाला हात लावणेही अनेक सोवळ्या माणसांना त्या काळी विटाळाचे वाटे, आणि शाईत चरबी असते हा त्यांचा मोठा आक्षेप होता. त्यावर गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरून तोड काढली, असे सांगितले जाते. पुढच्या पिढीत जावजी दादाजी (१८३९–१८९२) हा उमरखाडीतील गरीब घरचा मुलगा लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागला, ग्रॅहमच्या हाताखाली शिकला आणि त्याने काढलेला निर्णयसागर छापखाना संस्कृत व मराठी ग्रंथांच्या शुद्ध आणि सुबक छपाईसाठी देशभर नावाजला. बायबल छापण्यासाठी घडलेल्या हातांनी आणि डोळ्यांनी पुढे वेद, पुराणे आणि काव्ये छापली, ही मुंबईच्या मुद्रणेतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण घटना होय.

छापलेले पुस्तक वाचकापर्यंत नेण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते आणि तीही याच काळात आकाराला आली. १८१३ मध्ये मुंबईत बायबल सोसायटीची शाखा निघाली, तर १८२७ च्या सुमारास बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी स्थापन झाली. ट्रॅक्ट म्हणजे एकाच विषयावरची काही पानांची स्वस्त पुस्तिका. पहिली संस्था फक्त शास्त्रग्रंथ छापी, दुसरी त्याभोवतीचे सारे साहित्य: उपदेशपर पुस्तिका, गोष्टी, गीतसंग्रह, शाळेची पुस्तके आणि शास्त्रावरील टीका. वेगवेगळ्या पंथांची मिशने या संस्थांत एकत्र येत, त्यामुळे स्कॉटिश मिशनच्या माणसाने लिहिलेले पुस्तक अमेरिकन मिशनच्या शाळेत वाचले जाई. आरंभी पुस्तिका फुकट वाटल्या गेल्या. पुढे नाममात्र का होईना किंमत ठेवण्याकडे कल झुकला, कारण पदरचा पैसा मोजून घेतलेले पुस्तक माणूस जपतो. बाजारात, जत्रेत आणि आगबोटीच्या धक्क्यावर पुस्तकांची पिशवी घेऊन उभा राहणारा फिरता विक्रेता हा या व्यवस्थेचा कणा होता. १८४८ मध्ये मुंबईत आलेल्या जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने मिशनचा पगार सोडून अत्यंत साधेपणाने चाळीस वर्षे इथे काढली आणि १८८८ मध्ये त्याचा अंत होईपर्यंत 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र आणि ट्रॅक्ट सोसायटीचे काम यांत तो गढलेला होता. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक शास्त्रवचन आणि त्यावरचे छोटे मनन देणारा त्याचा इंग्रजी ग्रंथ म्हणजे घरच्या घरी नित्य अभ्यासासाठी मुंबईत रचलेल्या पुस्तकाचा ठळक नमुना आहे.

गिरगावात या हालचालींचे दुसरे केंद्र होते. १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आंबरोली येथे राहिले. तिथेच त्यांची शाळा वाढली आणि तिच्यातून पुढे चौपाटीवरचे विल्सन कॉलेज उभे राहिले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि त्या शाळांमुळे वाचता येणाऱ्या बायकांची पहिली पिढी तयार होऊ लागली. विल्सन यांनी १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद केला; दांडेकरांनी 'हिंदुधर्मस्थापना' छापून आपली बाजू मांडली आणि विल्सन यांनी तिला पुस्तकानेच उत्तर दिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी महिनोन्‌महिने वाद केला आणि तोही बोवेन यांनी त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. मिशनऱ्यांच्या लेखनात हिंदू चालीरीतींविषयी कठोर आणि पुष्कळदा अन्यायकारक शब्द असत, त्यांनी अनेकांची मने दुखावली आणि त्या दुखावण्यातूनच उत्तर देणारे मराठी ग्रंथ जन्माला आले. आक्षेप छापील असेल तर उत्तरही छापील हवे, हा मराठी समाजाला लागलेला धडा पुढील सर्व वैचारिक चळवळींच्या कामी आला.

वादाची पुस्तके सभेसाठी होती. घरासाठी वेगळे साहित्य लागत होते आणि याची निकड एका सामाजिक वस्तुस्थितीतून आली. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्मदीक्षेचा संस्कार, घेणारा मराठी माणूस बहुधा एकत्र कुटुंबातून, जातीतून आणि सणवारांतून एका दिवसात बाहेर पडे. त्याच्यामागे आई-वडिलांचा आक्रोश असे आणि पुढे नवरा, बायको व मुले एवढेच छोटे घर असे. त्या घरात देवघर नव्हते, कुलाचार नव्हता, व्रतवैकल्ये नव्हती. तिथे रोजच्या जगण्याला धार्मिक लय देणारी गोष्ट म्हणजे कौटुंबिक उपासना, म्हणजेच सकाळ-संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसून शास्त्राचा उतारा वाचणे, गीत गाणे आणि प्रार्थना करणे. या उपासनेत वाचण्याची पाळी आईवर येई, मुलीवर येई. म्हणून त्या घराला सोप्या भाषेतील बायबल लागे, त्याचा अर्थ सांगणारे पुस्तक लागे, गीतांचा संग्रह लागे आणि मुलांच्या हाती द्यायला गोष्टी लागत. मराठी ख्रिस्ती साहित्याची पुढची सगळी वाढ या चार गरजांभोवती झाली.

गोष्टींची गरज प्रथम भाषांतराने भागवली. जॉन बनियनच्या प्रसिद्ध इंग्रजी रूपककथेचा 'यात्रिकक्रमण' हा मराठी अनुवाद १८४१ मध्ये निघाला. तो हरि केशवजी या पाठारे प्रभू विद्वानाने केला होता. या ग्रंथांच्या मागे मुंबईतील हिंदू पंडितांचे आणि लेखकांचे किती श्रम होते, याची ही एक साक्ष आहे. १८४२ च्या जूनमध्ये हेन्री बॅलंटाइन यांनी अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केले आणि काही वर्षांतच ते मुंबईहून निघू लागले. त्यात धर्मोपदेशाच्या जोडीला भूगोल, प्राणिशास्त्र, देशोदेशीच्या बातम्या आणि ठशांवरून छापलेली चित्रे असत, त्यामुळे धर्म न बदललेली घरेही ते वाचत. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'नेच छापला. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांच्यातील एका मुलीचे शब्द छापील पानावर आले, हे या नियतकालिकाचे चिरस्थायी ऋण आहे. १८७० च्या दशकात अमेरिकन मिशनने 'बालबोधमेवा' हे मुलांचे सचित्र मासिक काढून घरातल्या सर्वांत लहान वाचकाचीही सोय केली.

परंतु घरासाठी लिहिणारा पहिला मोठा मराठी ख्रिस्ती लेखक म्हणजे बाबा पदमनजी (१८३१–१९०६). बेळगावच्या कासार कुटुंबात जन्मलेले पदमनजी मुंबईत मिशनच्या विद्यालयात शिकले, १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके लिहिली. १८५७ चे 'यमुनापर्यटन' हे मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते. शिकलेली यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, वाटेत भेटणाऱ्या एकेका विधवेची कथा वाचकासमोर येते आणि अखेर वैधव्य स्वतः यमुनेवरच कोसळते. तिचा पुनर्विवाह दाखवून पदमनजींनी पुस्तक संपवले. केशवपनाच्या भीतीने घरात दडून बसणाऱ्या बाईचे दुःख तिच्याच घरच्या भाषेत लिहिले गेल्यामुळे या पुस्तकाला धर्मप्रचारापलीकडचा टिकाऊपणा आला. त्यांनी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप केला, 'सत्यदीपिका' व 'कुटुंबमित्र' ही मासिके चालवली आणि नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. मूळ वचन द्यायचे आणि त्याखाली त्याचा विस्ताराने अर्थ उलगडायचा, हा टीकेचा घाट ज्ञानेश्वरी ऐकत आलेल्या महाराष्ट्राला ओळखीचाच होता. त्यामुळे धर्म नवा असला तरी अभ्यासाची वाट मराठी घराला परकी वाटली नाही.

गीतांच्या बाबतीत हे आपलेपण यायला अधिक काळ लागला. आरंभीची अनेक ख्रिस्ती गीते इंग्रजी चालींवर बेतलेली होती आणि शब्द मराठी असूनही ती मराठी गळ्याला जड जात. कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा बाज आणला आणि नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग व ओवी यांना ख्रिस्ती उपासनेत हक्काची जागा दिली. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत झाला; मंडळी म्हणजे एका उपासनामंदिराशी जोडलेला भाविकांचा समुदाय. पुढे त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले, त्यांची गीते 'उपासना-संगीत' या संग्रहातून घराघरांत गेली आणि त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. ज्या लक्ष्मीबाईंनी लग्नानंतर अक्षरे गिरवली त्यांनीच हे काव्य सिद्धीस न्यावे आणि 'स्मृतिचित्रे'सारखा ग्रंथ मराठीला द्यावा, यात घरातील श्रोती ते वाचक आणि वाचक ते लेखिका हा सारा प्रवास सामावला आहे. १८८९ मध्ये चौपाटीजवळ शारदासदन उघडणाऱ्या पंडिता रमाबाईंनी तर पुढे केडगाव येथे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे सोपे मराठी भाषांतर केले. तिथल्या त्यांच्या मुक्तिसदन या संस्थेतील स्त्रियांच्या हातांनी छापलेला तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण झाला. पुस्तक बाईला समजावे म्हणून एका बाईनेच त्याचे भाषांतर करावे आणि बायकांनीच ते जुळवून छापावे, असे उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण आहे.

कॅथलिक परंपरेचा मार्ग वेगळा होता. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ मध्ये स्थापन झाले, म्हणजे मुंबई बेटावरील कॅथलिक वस्ती अमेरिकन मिशनपेक्षा दोनशे वर्षांनी जुनी. परंतु तिची उपासना लॅटिनमध्ये चाले आणि भक्तीचा भर संस्कार, जपमाळ आणि सण यांवर असे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेला आणि सामान्य भाविकाच्या बायबलवाचनाला उत्तेजन दिले आणि हे अंतर मिटू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये राजहंस प्रकाशनाने काढले. सर्वसाधारण मराठी प्रकाशनसंस्थेने सर्वसाधारण वाचकासाठी टीपांसह बायबल काढावे आणि त्याच्या अनुवादकाने २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवावे, यावरून दोन शतकांपूर्वी परका वाटलेला ग्रंथ मराठी साहित्याच्या घरात कसा सामावला गेला, हे स्पष्ट होते.

या इतिहासाची साधने जपण्याचे मोठे काम दादर परिसरातच झाले आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दोलामुद्रितांचा, म्हणजे मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतील जुन्या पुस्तकांचा, मौलिक संग्रह आहे. तिथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या मराठी संशोधन मंडळाचे संचालक अ. का. प्रियोळकर यांनी भारतीय मुद्रणाचा इतिहास १९५८ मध्ये सिद्ध केला आणि मिशनच्या छापखान्याचे श्रेय निःपक्षपातीपणे त्याच्या पदरात टाकले. डॉ. गंगाधर मोरजे यांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा स्वतंत्र अभ्यास केला. तरीही मासिकांचे सुटे अंक, ट्रॅक्ट, रविवारच्या शाळेच्या पुस्तिका आणि घरगुती उपासनेची छोटी पुस्तके यांच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही, कारण ती धर्माची पुस्तके म्हणून एका बाजूला आणि स्वस्त पुस्तके म्हणून दुसऱ्या बाजूला सारली गेली. मराठी घरात बाई आणि मूल यांच्या हाती पुस्तक कसे आले, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला या पुस्तकांना वळसा घालून जाता येणार नाही. गिरगाव, भायखळा आणि दादर येथील मंडळ्यांच्या आणि कुटुंबांच्या कपाटांत जे काही उरले असेल त्याची सूची व्हावी, जीर्ण प्रतींची छायाप्रत घेतली जावी आणि पदमनजींपासून रमाबाईंपर्यंतचे हे लेखन मराठी वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहात ठेवून शिकवले जावे. ज्या ग्रंथांनी मराठी भाषेला वाचक मिळवून दिले, त्यांचे एवढे देणे ही भाषा लागते.